रतनशेठच्या गाडीचा उठाव

माझी बायको इंदू जाऊन चार वर्षं झाली. एकेचाळीस वर्षांच्या संसारात तिच्यापासून लपवलेली एकच गोष्ट होती माझ्यापाशी. आजारपणात ती एकदा म्हणालीही, "तुमच्या मनात काहीतरी आहे, लग्नाआधीपासूनचं. सांगून टाका." मी म्हटलं, काही नाही. ती हसली आणि तिनं कूस बदलली. पुन्हा विचारलं नाही.

तिला नाही सांगितलं, मुलांना नाही, देवासमोर हात जोडले तेव्हाही तोंडातल्या तोंडात काढलं नाही. तुम्हाला सांगतोय. तुम्हीच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसाच्या डोळ्यांत बघून हे बोलायची छाती माझ्यात आजही नाही — तेवढं आधीच कबूल करतो.

कुठून सुरुवात करू? गाडीपासून करतो. गाडीबद्दल बोलणं मला सोपं जातं. आणि सोपं तेच आधी धरायचं, ही माझी खोड तुम्हाला पुढंही दिसेल.

मी मिस्त्री. लढाईच्या दिवसांत जबलपूरकडं फौजेच्या वर्कशॉपमध्ये तीन वर्षं काढली होती. तिथं अमेरिकन साहेबांच्या दोन गाड्या यायच्या — क्लच नसलेल्या. गिअर आपले आपण बदलायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, हा काय चमत्कार! एका साहेबानं मला त्या गिअरपेटीचं पोट उघडून दाखवलं, हातात पाना दिला, चुकलो तर शिव्या दिल्या. मी शिकलो. लढाई संपली, मी बुऱ्हाणपूरला परत आलो आणि शनवारा दरवाजाबाहेरच्या एका गॅरेजात कामाला लागलो. आमच्याकडं यायचे ते माल वाहणारे जुने ट्रक आणि दोन-चार खटारा बसगाड्या. ते अमेरिकन ज्ञान डोक्यात नुसतं पडून होतं.

मग देशात संस्थानं विलीन होऊ लागली. एकेका राजाचं राज्य गेलं, आणि राज्याबरोबर सांभाळायची ऐपतही. झुंबरं विकली गेली, बंदुका गेल्या, मोटारी गेल्या. आमच्या गावातल्या रतनशेठनं — कापसाचं जिनिंग होतं त्यांचं, बहादरपूरच्या रस्त्याला — माळव्यातल्या एका छोट्या संस्थानाची गाडी विकत घेतली. अमेरिकन, आठ सिलिंडरची, काळीभोर. क्लच नसलेली.

अख्ख्या बुऱ्हाणपुरात ती गाडी समजणारा माणूस एकच. मी. चोवीस वर्षांचा होतो. या गोष्टीचा मला किती माज चढला असेल, तुम्हीच बघा.

गाडीबरोबर तिचा ड्रायव्हर आला. हिंमतराव. पन्नाशीला टेकलेला, उंच, बोलायला मऊ. संस्थानाच्या मोटारखान्यात वीस वर्षं काढली होती त्यांनी. मोटारखानाच बंद झाला, तर रतनशेठ म्हणाले, गाडीसोबत तुम्हीही चला. बायको आणि एक मुलगा घेऊन ते आले, लोहारमंडीकडं एक खोली घेतली. मी त्यांना दादा म्हणायचो. सगळेच म्हणायचे. गाडी पुसताना ते तिच्याशी बोलायचे, आणि त्यात त्यांना कसली लाज नसायची. मला घरी बोलावून वहिनींच्या हातची भाकरी खाऊ घालायचे. माझी आई लहानपणीच गेली होती, आणि ते त्यांना कुठून तरी कळलं होतं.

हे मुद्दाम सांगतोय. माणूस कसा होता ते कळल्याशिवाय मी काय केलं ते कळणार नाही.

आता त्या गाडीचा दोष. ती चालायची लोण्यासारखी. पण जागेवरून उठताना आळशी. क्लचच्या गाडीत पाय सोडला की इंजिनाचा जोर थेट चाकाला मिळतो. हिच्यात इंजिन आणि गिअरपेटीच्या मधे तेल — त्या तेलाला भोवरा धरायला वेळ लागायचा, मग कुठं गाडी हलायची. एकदा वेग घेतला की तिच्या पुढं कोणी नाही. पण पहिले वीस-पंचवीस हात? म्हैस उठावी तशी उठायची. आमच्या धंद्यात याला म्हणतात, गाडीला उठाव नाही.

स्टेशनाकडं लालबागेत रेल्वेचं फाटक आहे. एकदा फाटक बंद होतं आणि रतनशेठच्या गाडीशेजारी दुसऱ्या एका कापूसवाल्याच्या पुतण्याची छोटी इंग्रजी मोटार उभी होती. फाटक उघडलं. ती चिमुकली मोटार टुणकन उडी मारून पुढं गेली, आणि शेठची राजेशाही गाडी मागं धुरात. टांगेवाले हसले. कोणीतरी ओरडलं, "शेठ, हत्ती घेतला, हत्ती!"

बस. एवढंच. तिथून सगळं सुरू झालं.

शेठ दुसऱ्या दिवशी गॅरेजात आले. म्हणाले, "वसंता, तू तर अमेरिकन गाड्यांचा उस्ताद. फाटक उघडलं की आपली गाडी पहिली निघाली पाहिजे. होईल?"

"होईल," मी म्हटलं.

हिंमतदादा मागं उभे होते. शेठ गेल्यावर म्हणाले, "वसंता, नको करू. ही गाडी सावकाश उठते, कारण बनवणाऱ्यानं ती तशी बनवली आहे. आत बसलेल्या माणसाच्या पगडीला धक्का लागू नये म्हणून. तिला पळवायला लावू नको."

मी हसलो. म्हटलं, "दादा, पगड्या गेल्या आता. राज्यंही गेली."

त्यांचा चेहरा उतरला. मला ते दिसलं होतं. आणि दिसून — हो, बरंच वाटलं होतं.

मग मी दोन दिवस त्या गाडीत घुसलो. काय केलं ते नीट सांगतो, कारण नीट कुणालाच कधी सांगितलेलं नाही. गाडी उभी असतानाही इंजिन जरा तेज फिरत राहील असं केलं, म्हणजे तेलाचा भोवरा आधीच तयार. कार्बोरेटर साफ करून थोडं जास्त पेट्रोल सोडलं. इथवर सगळं ठीक होतं. असं कोणीही करतं. पण माझं समाधान होईना. अॅक्सिलेटरपासून कार्बोरेटरकडं एक सळई जाते, तिची लांबी मी वाढवली — थोडं दाबलं तरी कार्बोरेटरचं दार खूप उघडावं म्हणून. आणि पाय काढला की जी स्प्रिंग ते दार ओढून बंद करते, ती मला फार कडक वाटली. पायाला अडवते, म्हटलं. ती काढली आणि एका मोटारसायकलची हलकी स्प्रिंग लावली.

ती स्प्रिंग फौजेतल्या त्या साहेबानं बघितली असती तर माझ्या कानफटात दिली असती. मला ते तेव्हाही ठाऊक होतं. मी माझ्याच मनाला सांगितलं, तात्पुरती लावू, जमलं तर बघू.

तिसऱ्या दिवशी शेठना मागं बसवून मी गाडी बहादरपूरच्या रस्त्यावर नेली. चालवत मीच होतो. तो एक डावही मी फौजेत शिकलो होतो — डाव्या पायानं ब्रेक घट्ट दाबून धरायचा, उजव्यानं अॅक्सिलेटर दाबायचा, इंजिन आतल्या आत गुरगुरायला लागलं की ब्रेक एकदम सोडायचा. मी सोडला. गाडी अशी सुटली की शेठची टोपी मागच्या काचेवर आदळली. दोन्ही बाजूंच्या केळीच्या बागा नुसत्या हिरव्या रेघा होऊन गेल्या. शेठ पोरासारखे ओरडत होते. "और एक बार! वसंता, और एक बार!" मी सहा वेळा करून दाखवलं. आयुष्यात मला इतका आनंद क्वचित झाला असेल. हे सांगायलाही आता लाज वाटते, पण खोटं कशाला सांगू?

शेठना जिनिंगवर उतरवलं. परत येताना गाडीत मी एकटा. गावाच्या अलीकडं एक बैलगाडी आडवी आली, मी अॅक्सिलेटरवरचा पाय काढला — आणि इंजिनाचा आवाज कमी झाला नाही. सळई पुढं जाऊन अडकली होती. ती हलकी स्प्रिंग तिला मागं ओढू शकत नव्हती. मी बुटाचं टोक पेडलखाली घालून ते वर उचललं. खट्‌कन सुटलं. सगळं मिळून दोन श्वास. बैलगाडीवाल्याला पत्ताही नाही.

म्हणजे मला माहीत होतं.

हे वाक्य तोंडातून काढायला मला पन्नास वर्षं लागली. अपघाताच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी पाच वाजता, मला माहीत होतं.

तुम्ही म्हणाल, मग त्याच वेळी का नाही बदललीस स्प्रिंग? बदलायला दहा मिनिटं लागली असती. पण गाडी मी थेट शेठच्या बंगल्यावर नेली, तिथं चार माणसं जमली होती, सगळ्यांना उठाव बघायचा होता, पाठ थोपटत होते. त्यांच्यासमोर बॉनेट उघडून म्हणू, की थांबा, जरा चुकलंय माझं? मी म्हटलं, उद्या दुपारी गाडी गॅरेजात मागवू.

दुसऱ्या दिवशी रविवार. इतवाऱ्यात बाजार. सकाळी मी गॅरेजच्या दारात चहा पीत उभा होतो, आणि समोरून ती गाडी आली. हिंमतदादा चालवत होते. शेठाणीबाईंना घेऊन बाजाराला निघाले होते. मला पाहून त्यांनी गाडी थांबवली. पगडीवरून मी हसलो होतो, त्याचा राग वगैरे काही नाही. खिडकीतून वाकून विचारलं —

"वसंता, गाडी आज जरा बेचैन वाटते. काही ध्यानात ठेवायचं का मला?"

सांगायचं ना तेव्हा? रस्ता रिकामा होता. माणूस स्वतः थांबून विचारत होता. "दादा, उतरा, स्प्रिंग बदलायची राहिली आहे" — एवढे शब्द. पण याच माणसानं मला बजावलं होतं, नको करू म्हणून. त्याच्यासमोर कमीपणा घ्यायचा? शेठाणीबाईंच्या देखत?

मी म्हटलं, "काही नाही दादा. पाय हलका ठेवा, बस."

त्यांनी मान डोलवली आणि गेले.

इतवाऱ्यात जिथं रस्ता अरुंद होतो, तिथं भिंतीला टेकून यमुनाबाई बसायची. केळीची पानं, फुलं, बेल विकायची. नवरा गेलेला, दहा-बारा वर्षांची एक मुलगी, कमल. सगळ्या गावाची ओळखीची बाई. सणाला आमच्या घरी पानं तिच्याकडूनच यायची. शेठाणीबाई खरेदी करून गाडीत बसल्या. हिंमतदादांनी गाडी सुरू केली, समोरची हातगाडी बाजूला व्हायची वाट पाहिली. मग ब्रेक सोडून अॅक्सिलेटर जरासा दाबला.

पुढचं मी पाहिलं नाही. बघणाऱ्यांनी सांगितलं. इंजिन ओरडलं आणि गाडी उडी मारून भिंतीवर गेली. वीस-पंचवीस हातांचं अंतर. त्याच वीस-पंचवीस हातांसाठी तर मी दोन दिवस खपलो होतो.

यमुनाबाई भिंत आणि गाडीच्या मधे होती. तिला सरकारी दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. कमल त्या वेळी नळावर पाणी आणायला गेली होती.

लोकांनी हिंमतदादांना ओढून बाहेर काढलं, मारलं. ते एकच सांगत होते — "मी ब्रेक दाबला. मी ब्रेकच दाबला." आणि दाबलाच असणार. पण इंजिन किंचाळताना शंभर लोकांनी ऐकलं होतं. ब्रेक दाबल्यावर इंजिन कुठं किंचाळतं? जो तो म्हणाला, म्हाताऱ्याचा पाय चुकला. ब्रेकच्या ठिकाणी दुसरंच दाबलं.

बातमी गॅरेजात आली तेव्हा मी एका ट्रकखाली होतो. तिथंच पडून राहिलो. वरून तेलाचे थेंब गालावर पडत होते आणि मी बाजूला होत नव्हतो.

पोलिसांनी गाडी ढकलत कोतवालीच्या आवारात नेली. दुपारी हवालदार मला बोलवायला आला. अशी गाडी समजणारा गावात दुसरा कोण? मला तपासून सांगायचं होतं, गाडीत बिघाड होता का.

आता ऐका. निघताना मी फळीवरून ती जुनी, कडक स्प्रिंग उचलली आणि खिशात घातली. पाना घेतला, पक्कड घेतली. घाबरलो होतो, डोकं चालत नव्हतं — असं मी पुढं कितीदा तरी स्वतःला सांगून पाहिलं. पण डोकं चांगलं चालत होतं. फळीवर दहा-बारा स्प्रिंगा होत्या. त्यातली बरोबर तीच मी उचलली.

हवालदार लिंबाखाली बिडी ओढत बसला. मी बॉनेट उघडलं. सळई अजून तशीच होती — पुढं जाऊन अडकलेली. कोणी हातही लावला नव्हता. मी पाहत राहिलो तिच्याकडं. हवालदाराला हाक मारून दाखवलं असतं, तर त्याच मिनिटाला हिंमतदादा सुटले असते.

मी सळई सोडवली. तिची लांबी पहिल्यासारखी केली. हलकी स्प्रिंग काढली, कडक लावली. इंजिनाची चाल उतरवली. आयुष्यातलं सगळ्यात सफाईदार काम मी त्या दुपारी केलं असेल. मग हवालदाराला बोलावलं, गाडी सुरू करून दाखवली, अॅक्सिलेटर दाबून सोडून दाखवला. बघा, लगेच मागं येतो. ब्रेक बघा, घट्ट. पंचनाम्यात लिहिलं गेलं — यंत्रात कोणताही दोष आढळला नाही. खाली माझी सही.

कोर्टातही मी तेच सांगितलं. हिंमतदादा कठड्यात उभे होते, माझ्याकडं बघत होते. रागानं नाही. नीट लक्ष देऊन, एखादी अवघड गोष्ट समजावून घ्यावी तसे. न्यायाधीशांनी विचारलं, अशा गाडीत पाय चुकणं शक्य आहे का? मी म्हटलं, हो साहेब. क्लच नसल्यामुळं सवयीनं चुकू शकतो.

आणि रतनशेठ? त्यांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. त्यांना काय समजलं होतं आणि काय नाही, मला माहीत नाही. गाडी त्यांनी महिन्याभरात इंदूरकडं विकून टाकली. पण त्यांच्यावर मी काही ढकलत नाही. त्यांनी उठाव मागितला होता, स्प्रिंग मी निवडली होती.

दीड वर्षाची सजा झाली. लायसन गेलं.

तुम्हाला वाटेल, हाच तो कबुलीजबाब. मलाही वाटलं होतं, इथवर आलो की संपेल. नाही. याहून वाईट पुढं आहे.

हिंमतदादा खंडव्याच्या तुरुंगातून सुटून आले, त्याच आठवड्यात गॅरेजात आले. वाळले होते. दाढी पांढरी. मी एकटाच होतो. मला वाटलं, आता हा माणूस माझी गचांडी धरणार. खरं सांगतो, धरावी असं वाटत होतं. धरली असती तर कदाचित बोललो असतो. पण ते स्टुलावर बसले, उजव्या पायातली चप्पल काढली आणि पायाकडं बघत राहिले.

मग म्हणाले, "वसंता, दीड वर्ष एकच विचार केला. मला आठवतं, मी ब्रेक दाबला. साफ आठवतं. तळव्याला अजून तो ब्रेक लागतो. पण गाडीत तर दोष नव्हता. तू स्वतः तपासली. मग माझी आठवण खोटी आहे का रे? घरची म्हणते, गाडीतच काही असेल. पोरगा म्हणतो, तुमची चूक नाही. ते मायेपोटी बोलतात. तू गाडी ओळखतोस. तू सांग मला. माझाच पाय चुकला ना?"

बाहेर रस्त्यावर कोणी नव्हतं. कोर्ट नव्हतं, पोलीस नव्हते, सजा भोगून झाली होती. खटला पुन्हा उघडायला हा माणूस आला नव्हता. त्याला फक्त स्वतःच्या पायाबद्दल खरं काय ते हवं होतं. मी खरं सांगितलं असतं तर त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या, फार तर थुंकले असते. कोणाला सांगितलंही नसतं, असा माणूस होता तो. मला कसली भीती उरली होती? सांगा, कसली?

मी म्हटलं, "हो दादा. पायच चुकला."

त्यांनी चप्पल घातली. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बरं झालं, सांगितलंस." आणि गेले.

त्या दिवसापासून तो माणूस कमलपुढं झुकला. ती मामाकडं राहायची, आईच्याच जागी पानं विकायला बसायची. हिंमतदादा एका पॉवरलूमवर राखणदारी करत होते. दर रविवारी पहाटे ते बागांतून केळीच्या पानांचे भारे डोक्यावर घेऊन यायचे आणि तिच्यापुढं उतरवून ठेवायचे. पहिल्या रविवारी तिनं भारा लाथाडला. दुसऱ्या रविवारीही. त्यांनी पानं गोळा करून पुन्हा रचली. काही महिन्यांनी ती लाथाडेनाशी झाली, पण बोलत नसे. पुढं तिचं लग्न ठरलं तेव्हा मांडवाची पानं त्यांनीच आणली आणि जेवायला न थांबता निघून गेले. त्यानंतरही तिची जागा त्यांनी सोडली नाही. तिची सासू बसायची, तिला आणून द्यायचे. किती वर्षं? वीसेक वर्षं तरी. भारा घेऊन यायची वाट आमच्या शनवाऱ्यावरूनच. मी गॅरेजच्या दारात चहा पीत असायचो. ते मान वर करता यायची नाही म्हणून भाऱ्याखालून म्हणायचे, "काय वसंता?" मी म्हणायचो, "ठीक दादा."

त्या वीस वर्षांतल्या प्रत्येक रविवारी मला सांगता आलं असतं. मोजून बघा किती रविवार होतात. एकही मी वापरला नाही.

ते पुन्हा कधी कुठल्या गाडीत पुढच्या सीटवर बसले नाहीत. मुलाला त्यांनी ड्रायव्हिंग शिकू दिलं नाही. म्हणायचे, आपल्या रक्तात पाय चुकायचा दोष असेल. मुलगा, दिगंबर, शिकून शाळेत मास्तर झाला. आणि माझं? गॅरेज पुढं माझंच झालं. दुसरं काढलं. गावात कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की आधी मला दाखवायचे. वसंत मिस्त्रीचा शब्द म्हणजे शब्द, म्हणायचे. पंचनाम्याला, विम्याच्या तपासणीला मलाच बोलवायचे, आणि मी जायचो.

हिंमतदादा गेले ते उन्हाळ्याचे दिवस होते. तापीच्या काठावर सगळं उरकलं. तेराव्याला मी त्यांच्या घरी गेलो. तीच लोहारमंडीची खोली, तिला मागं एक खोली वाढवलेली. कमलही आली होती, आपल्या दोन मुली घेऊन. कोपऱ्यात बसून डोळे पुसत होती. दिगंबर मला बाहेर ओट्यावर घेऊन आला. आतून कोणीतरी चहा आणून दिला.

दिगंबर म्हणाला, "काका, तुम्हाला एक सांगायचं होतं. बाबा शेवटी तुमचंच नाव काढत होते."

मला वाटलं, कळलं होतं की काय त्यांना?

तो म्हणाला, "आई, मी, आम्ही सगळे त्यांची समजूत घालायचो, की तुमची चूक नाही म्हणून. ते आम्हाला म्हणायचे, तुम्ही गोड बोलता. एका वसंतानं मला तोंडावर खरं सांगितलं. गावात एवढा एकच माणूस माझ्याशी खोटं बोलला नाही. — तेव्हा काका, तुमचे फार उपकार आहेत आमच्यावर."

आणि तो वाकून माझ्या पाया पडला.

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. म्हटलं, "सुखी राहा." मग चहा प्यायलो, कप त्याच्या हातात दिला, आणि घरी आलो.